तुन्हं ध्यान कोठे शे?

‘तुझं लक्ष कुठे आहे?’ खानदेशात अहिराणीतला हा प्रश्न भाकरी थापता थापता आई विचारते, खळ्यावर बाप विचारतो, आणि शाळेत गुरुजी तोच प्रमाण मराठीत विचारतात. उत्तराची अपेक्षा कुणालाच नसते. पण पाच वर्षांच्या पोराला नीट सांगता आलं असतं तर तो म्हणाला असता : पत्र्यावरून खार पळाली तिच्याकडे, तुझ्या बांगडीला चिकटलेल्या पिठाकडे, शेजारी कुणीतरी मोटारसायकल चालू करतंय तिकडे, आणि थोडंसं तुझ्या बोलण्याकडेसुद्धा.

म्हणजे लक्ष नसतं असं नाही, ते फार पसरलेलं असतं. २०१७ साली प्लेबानेक आणि स्लाउट्स्की या दोन संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना एकावर एक काढलेल्या दोन आकृत्या दाखवल्या. एक लाल, एक हिरवी. ‘फक्त एकाच रंगाकडे बघा’ असं सांगितलं. ज्या आकृतीकडे बघायला सांगितलं होतं तिच्यातला बदल मोठ्यांनी जास्त ओळखला. ज्या आकृतीकडे बघायचं नव्हतं तिच्यातला बदल मात्र मुलांनी जास्त ओळखला. वयाबरोबर वाढतं ते नको असलेलं सोडून देणं. ही ताकद येता येता दहा-बारा वर्षं जातात, आणि तोपर्यंत ‘सोडून दे’ हे सांगायला बाहेरून कुणीतरी लागतं.

आठवणीचंही तसंच आहे. लहान मुलाची आठवण एकट्या त्याच्या डोक्यात नसते. अर्धी घरात असते : आईच्या नजरेत, झोळीच्या कापडात, आजीच्या प्रश्नांत, गाण्याच्या चालीत. बाहेरचा तो अर्धा भाग वर्षानुवर्षं थोडा थोडा आत जातो. मुलांच्या स्मरणाबद्दल गेल्या पन्नास वर्षांत जे काम झालं त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

सुरुवात जन्माआधीच होते. डीकास्पर आणि फायफर यांनी १९८०मध्ये तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल अशीच लय धरली. नजरेचं मात्र तेव्हा काही खरं नसतं. पहिल्या-दुसऱ्या महिन्यात ती एखाद्या उजळ कडेवर, खिडकीच्या चौकटीवर अडकते आणि बाळाला ती सोडवता येत नाही. घरचे कौतुकाने म्हणतात, ‘कसं टक लावून बघतंय!’ आणि तेच बाळ बघता बघता रडायला लागतं. अशा वेळी खुळखुळा वाजवून आणखी एक गोष्ट समोर आणण्यापेक्षा त्याला उचलून तोंड दुसरीकडे करावं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नजर आपोआप मोकळी होते.

इतक्या लहान बाळाला आठवतं तरी किती? कॅरोलिन रोव्ही-कोलियर या अमेरिकी संशोधक बाईंनी पाळण्यावर खेळणं टांगलं आणि त्याला बांधलेली फीत बाळाच्या पायाला लावली. लाथ मारली की खेळणं हलतं, हे बाळ काही मिनिटांत शिकतं. मग काही दिवसांनी तेच खेळणं वर टांगायचं आणि बाळ लाथा मारतं का ते बघायचं. दोन महिन्यांच्या बाळांना ही गोष्ट एक-दोन दिवस लक्षात राहिली, तीन महिन्यांच्या बाळांना साधारण आठवडाभर, सहा महिन्यांच्या बाळांना दोन आठवडे. खरी गंमत पुढे आहे. सहा महिन्यांच्या बाळाच्या पाळण्याला आतून लावलेलं नक्षीचं कापड बदललं, की दुसऱ्याच दिवशी ते त्या खेळण्याखाली कोरं पडून राहायचं. उलट तीन महिन्यांच्या बाळांची पार गेलेली आठवण, चाचणीच्या आदल्या दिवशी ते हलतं खेळणं नुसतं दाखवल्यावर चार-चार आठवड्यांनीसुद्धा परत आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाळ घेऊन लेक माहेरी येते तेव्हा हाच प्रकार घडताना दिसतो. ‘तिकडे टाळ्या वाजवायचा, इथे काहीच करत नाही,’ म्हणून ती खट्टू होते. तो विसरलेला नसतो. त्याच्या आठवणीचं टोक सासरच्या झोळीच्या लुगड्यात राहिलेलं असतं. म्हणून येताना नेहमीची गोधडी न धुता आणावी, आणि पहिले दोन दिवस रोजचंच गाणं रोजच्याच वेळी म्हणावं.

आठ-नऊ महिन्यांचं बाळ घरात असेल तर एक खेळ करून बघण्यासारखा आहे. बाळाला मांडीवर बसवा. समोर, त्याचा हात पोचेल इतक्या अंतरावर, दोन सारख्या वाट्या पालथ्या ठेवा. त्याच्या देखत उजव्या वाटीखाली लहान खुळखुळा लपवा आणि काढू द्या. दोन-तीनदा असं झालं की त्याच्या देखतच तो डाव्या वाटीखाली ठेवा, तीन-चार सेकंद त्याचे हात हलकेच धरून ठेवा आणि मग सोडा. बाळ बहुधा उजवीच वाटी उचलेल. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने ही चूक नोंदवली. पुढे अ‍ॅडेल डायमंड यांनी मोजलं, की चूक होण्यासाठी जेवढं थांबावं लागतं तो वेळ दर महिन्याला सुमारे दोन सेकंदांनी वाढत जातो, आणि वर्षाच्या बाळाला दहा सेकंद थांबवलं तरी ते सावरतं. घरी हा खेळ फसतो तो दोन कारणांनी. अजिबात न थांबता हात सोडले तर बाळ बरोबर वाटी उचलतं आणि चूक दिसतच नाही. किंवा लपवणाऱ्याचीच नजर खऱ्या वाटीवर खिळते आणि बाळ ती नजर वाचतं. कधी कधी तर बाळ स्वतः बघतं डावीकडे आणि हात जातो उजवीकडे. त्याला ठाऊक असतं, पण हात जुन्या सवयीने जातो, आणि तो आवरणारा कपाळामागचा मेंदूचा भाग अजून तयार होत असतो. पुढे पाचवी-सहावीत गणितात मागच्याच उदाहरणाची रीत पुढच्या उदाहरणाला लावणाऱ्या मुलातही हीच ओढ दिसते.

नवव्या महिन्यापासून बाळ आपल्या नजरेचा माग काढू लागतं आणि वर्षाच्या आसपास बोट दाखवू लागतं. ‘देख, देख, तठे!’ हे आपल्याकडचं पहिलं शिक्षण. यात एक बारकावा आहे. बाळ बैलाच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेकडे बघत असताना आपण त्याची मान वळवून ‘ती बघ चिऊ’ म्हटलं, तर शब्द वाया जातो. टोमासेलो आणि फरार यांनी १९८६मध्ये दाखवलं, की मूल आधीच ज्याकडे बघतंय त्याचंच नाव उच्चारलं तर ते जास्त पक्कं बसतं. आधी त्याचं लक्ष कुठे आहे ते बघायचं आणि मग बोलायचं, एवढंच.

आता पहिल्या तीन वर्षांबद्दल. अडीच वर्षांचं मूल गेल्या महिन्यातल्या जत्रेबद्दल भराभरा सांगतं, आणि दहाव्या वर्षी त्याच मुलाला त्यातलं काही आठवत नाही. मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. पॅट्रिशिया बाउर आणि लार्किना यांनी तीन वर्षांची मुलं आईवडिलांशी जे बोलली ते नोंदवून ठेवलं आणि त्याच घटना पुढे वेगवेगळ्या वयांत त्यांना विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना निम्म्याहून जास्त, साठ टक्के किंवा त्यावर घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्केसुद्धा नाहीत. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे बालपण पुसलं जातं ते मोठेपणी नव्हे, सातव्या-आठव्या वर्षीच. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग अजून घडत असतो. जोसेलिन आणि फ्रँकलंड यांनी उंदरांवर दाखवलं, की तिथे नव्या पेशी झपाट्याने तयार होत असताना जुन्या आठवणी जातात. शिवाय घटना बांधून ठेवायला भाषा लागते, आणि ‘हे माझ्याबाबतीत झालं’ असं म्हणणारा ‘मी’सुद्धा लागतो.

मेंदूतल्या पेशींवर आपला हात चालत नाही, बोलण्यावर चालतो. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांच्या पहिल्या आठवणी अडीच-पावणेतीन वर्षांपर्यंत मागे जातात असं आढळलं आहे. झालेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा तपशिलाने सांगण्याची त्यांची परंपरा यामागे असावी असं संशोधक मानतात. तिथेच आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया मुलांशी लहानपणी मागच्या गोष्टी खुलवून बोलत, त्यांच्या मुलांना बाराव्या-तेराव्या वर्षी जास्त लहानपणचं आठवत होतं.

खुलवून म्हणजे काय? दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा बघून आल्यावर बहुतेक घरांत संवाद असा होतो : “घोडा पाहिला ना? पांढरा होता ना? सांग ना काकांना!” मूल मान हलवतं आणि पळतं. आता हेच दुसऱ्या तऱ्हेने :

“तो घोडा नाचत होता तेव्हा त्याच्या पायात काय वाजत होतं रे?”
“घुंगरू.”
“हो, घुंगरू. केवढा आवाज! आणि तू आजोबांच्या खांद्यावर होतास. का बरं चढला होतास?”
“दिसतच नव्हतं ना, आजी.”
“गर्दी होती खरी. मग वरून काय काय दिसलं?”

आजीने एक मोकळा प्रश्न विचारला, उत्तर उचलून धरलं, आपली एक भर घातली आणि पुन्हा प्रश्न टाकला. तीन-चार फेऱ्या पुरे, परीक्षा घ्यायची नाही. त्याच रात्री एकदा, चार-पाच दिवसांनी एकदा, आणि मग पाहुणे आले की एकदा. मूल गप्प झालं तर प्रश्न पुन्हा न रेटता आपणच थोडं सांगावं आणि दुसऱ्या बाजूने विचारावं. ‘का’ आणि ‘कसं’ या प्रश्नांनी घटना एकमेकींना बांधल्या जातात. ‘कोणत्या रंगाचा’ने एक सुटा तपशील तेवढा मिळतो.

याची दुसरी बाजूही ठाऊक असावी. स्टीफन सेसी आणि सहकाऱ्यांनी शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांना कधीच न घडलेली घटना आठवडे-आठवडे विचारली. बऱ्याच मुलांनी शेवटी ती घडल्याचं तपशिलासकट सांगितलं. ‘त्याने तुला मारलं ना? खरं सांग, मारलं ना?’ असं दहादा विचारून मिळालेल्या होकाराला म्हणून काही किंमत नसते. भांडणात पोरांना साक्षीला उभं करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि हे बोलणं कोणत्या भाषेत? ज्या भाषेत घटना घडली त्याच भाषेत. मारियन आणि नायसर यांनी २००० साली रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांवर काम केलं. ज्या भाषेत प्रश्न विचारला त्या भाषेतल्या दिवसांच्या आठवणी त्यांना जास्त आल्या. आपल्याकडे सुट्टी जाते अहिराणीत, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिलीत, पावरीत, आणि शाळा उघडली की ‘माझी दिवाळीची सुट्टी’ लिहायची प्रमाण मराठीत. मूल पाटीकडे बघत बसतं आणि त्याच्या नावावर ‘स्मरणशक्ती कमी’ असा शेरा लागतो. उपाय सोपा आहे. आधी पाच मिनिटं घरच्या बोलीत तोंडी सांगू द्यायचं, सांगता सांगता चार चित्रं काढू द्यायची, आणि मग त्या चित्रांखाली मराठी वाक्यं लिहून घ्यायची. आठवणं आणि भाषांतर ही दोन ओझी एकाच वेळी डोक्यावर दिली की लहान मूल दोन्ही खाली टाकतं.

गुलाबाई या खानदेशातल्या मुलींच्या गाण्यांच्या सणाबद्दल इथेच लिहायला हवं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर, रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन तीच गाणी म्हणतात. एकही ओळ कुणी कागदावरून शिकवत नाही, तरी सहा वर्षांची मुलगी महिन्याअखेर डझनभर गाणी म्हणते. का, ते बघा. गाणी साखळीची असतात, मागच्या कडव्याचं टोक पुढच्यात येतं, त्यामुळे हरवलेली ओळ चाल आणून देते. मधे एक दिवस जातो, थोडं विसरतं, पुन्हा म्हटलं जातं. १८८५ साली एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की एका दमात घोकण्यापेक्षा दिवसांवर वाटून केलेली उजळणी कमी फेऱ्यांत बसते. आपल्या मुलींची ही उजळणी पंचांगानेच लावून दिली आहे. लहानी अर्धी ओळ मोठ्या मुलींच्या आवाजात मिसळून म्हणते, चुकली तरी गाणं थांबत नाही. हळूहळू ती पूर्ण ओळ घेते, आणि दोन-तीन वर्षांत सुरुवात तीच करते.

शेवटी खाऊ ओळखणं. डबा वाजवून दाखवतात, मग गोड की तिखट, कोरडं की ओलं. इथे वयाचा फरक लख्ख दिसतो. पाच वर्षांची मुलगी सरळ ‘लाडू!’ म्हणते आणि ‘तिखट’ असं उत्तर आल्यावरही परत ‘पेढा!’ म्हणते. दहा-अकराची मुलगी आधी प्रश्नांनी रान आवरते आणि नाकारलेल्या गोष्टी मनात बाजूला ठेवते. मिळालेली उत्तरं धरून ठेवून त्यांवर पुढचा विचार करणं म्हणजेच वर्किंग मेमरी. ती मोजायच्या चाचण्या पुष्कळ आहेत, पण इतकी चवदार एकही नाही.

साधी मोजणी करायचीच असेल तर आकडे म्हणून दाखवावेत. एका सेकंदाला एक, सपाट आवाजात, जोड्या न पाडता : ७, २, ९. मुलाने त्याच क्रमाने परत म्हणायचं. दोन आकड्यांपासून सुरुवात करावी, प्रत्येक लांबीला दोन संधी द्याव्यात, दोन्ही चुकल्या की थांबावं. पाच वर्षांचं मूल साधारण चार आकडे धरतं, सातचं पाच, दहाचं सहा, मोठं माणूस सातच्या आसपास. फोन नंबर सांगावा तशी लय दिली की आकडा फुगतो. बाजूला टीव्ही असेल तर घसरतो. आणि ही हुशारीची परीक्षा नव्हे. त्याचा उपयोग एवढाच, की आपण सांगतो ते मुलाला पेलतंय का ते कळतं.

कारण आपण सांगतो कसं? “हातपाय धू, दप्तर जागेवर ठेव, डबा मोरीत टाक, आणि जाता जाता शेळीला पाणी दाखव.” यातलं बहुधा हातपाय धुणं किंवा शेळी तेवढी लक्षात राहते, मधलं सगळं गळतं. मग ‘ऐकतच नाही’ म्हणून दणका. सहा वर्षांपर्यंत एका वेळी दोनच कामं सांगावीत, ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने. ‘डबा टाकायच्या आधी दप्तर ठेव’ हे वाक्य लहान मुलाला उलटं पडतं. जवळ जाऊन, नाव घेऊन, तो आपल्याकडे बघतोय अशी खात्री करून सांगावं, आणि त्याच्याकडून एकदा म्हणून घ्यावं.

म्हणून घेणं का, त्याचं उत्तर फ्लॅव्हेल यांच्या १९६६च्या प्रयोगात आहे. मुलांना चित्रं दाखवली, थोडा वेळ थांबवलं, आणि त्या वेळात ओठ हलतात का ते पाहिलं. पाच वर्षांच्या वीस मुलांत दोघेच मनाशी नावं पुटपुटत होते. सातच्या वयात बारा, दहाच्या वयात सतरा. पुढच्या वर्षी न पुटपुटणाऱ्या मुलांना तसं करायला शिकवलं, तेव्हा त्यांना लगेच जास्त आठवलं. पण ‘आता हवं तसं करा’ म्हटल्यावर बऱ्याच जणांनी ते सोडून दिलं. जमत असूनही आपणहून सुचत नाही, असा हा काळ असतो. त्या काळात सुचवणारा बाहेर हवा, आणि रोज तेच सुचवण्याचा त्याला कंटाळा येता कामा नये.

आठवडे बाजार ही त्याची चांगली जागा आहे. सोव्हिएत संशोधक इस्तोमिना यांनी १९४८मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना वस्तूंची यादी दिली. नुसती पाठ करायला दिली तेव्हा कमी आठवली, दुकान-दुकान खेळात आणायला सांगितली तेव्हा जास्त. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत असं आलं नाही, काहींत उलटंही आलं. खेळात रमून मूल यादीच विसरतं, हे कुणीही पाहिलेलं असतं. त्यामुळे खेळ जमायचा तर काम खरं आणि छोटं असावं. पाच वर्षांच्या मुलाला तीन वस्तू सांगाव्यात : भरताची वांगी, कोथिंबीर, हिरवी मिरची. तिन्ही एकाच भरीताच्या असल्या की एकीवरून दुसरी आठवते. वांगी, साबण आणि सुतळी असली तर तिसरी हमखास सुटते. दुकानापाशी पोचल्यावर आपण यादी म्हणू नये, ‘काय करायचंय आज घरी?’ एवढंच विचारावं.

पाढ्यांची गोष्ट जरा वेगळी. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा : चाल इतकी पक्की आहे की अर्थ न कळताही पाढा तोंडात बसतो. बसतो तो साखळीने, आणि अडचण तिथेच होते. ‘आठ साती?’ विचारलं की मूल विहिरीतून पोहरा ओढावा तसं आठ एके आठपासून ओढत येतं, आणि गणित तोवर निसटतं. पाढा तोंडपाठ झाला की काम अर्धंच झालं. मग तो मधूनच सुरू करायला लावावा, पाचापासून, सातापासून. मग उलटा. मग तुटक, दिवसाला तीन-चारच जोड्या, दोन जुन्या आणि एक-दोन नव्या. ज्या जोडीला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागतात ती त्या आठवड्याची. ८×६ आणि ८×७ या बहुतेकांना नडतात, त्यामुळे संपूर्ण आठाचा पाढा पुन्हा वीस वेळा लिहायला देणं म्हणजे येत असलेल्या आठ जोड्यांची शिक्षा.

आठवण माहितीला चिकटते, वयाला नाही. मिशेलिन ची यांनी १९७८मध्ये बुद्धिबळ खेळणारी, दहाच्या आसपासची मुलं आणि जेमतेम खेळता येणारी मोठी माणसं घेतली. पटावरच्या सोंगट्यांची मांडणी मुलांनी जास्त आठवली, सुटे आकडे मोठ्यांनी. रावेर-यावलकडचा केळीच्या बागेत वाढलेला पोरगा कोणत्या ओळीत कोणत्या खोडाचा घड कधी निसवला ते बिनचूक सांगतो आणि इतिहासाचे चार सनही धरू शकत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सन टांगायला त्याच्याकडे खुंटीच नाही, ती आधी ठोकायला हवी.

लक्ष आणि आठवण बिघडवणाऱ्या गोष्टींत मी मोबाइलच्या आधी उगाच चालू ठेवलेला टीव्ही धरतो. २००८च्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांची मुलं खेळत असताना मोठ्यांचा कार्यक्रम मागे लावून ठेवला. मुलं त्याकडे फारशी बघत नव्हती, अधूनमधून काही सेकंद. तरीही एका खेळण्याशी रमण्याचा वेळ कमी झाला. मालिका आजीची असते, त्यामुळे हे घरात बोलणं अवघड, पण मूल दुसऱ्या खोलीत खेळू शकतं.

दुपारची झोप पाच वर्षांच्या आत मोडू नये. २०१३च्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवल्या. दुपारी झोपलेल्यांना त्या जास्त आठवल्या, आणि जागं ठेवलेल्यांची तूट रात्रीच्या झोपेनेही भरून निघाली नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, गच्चीवर झोपायला बारा वाजतात आणि पहाटे सहालाच ऊन डोळ्यावर येतं. तेव्हा तर ती झोप हवीच.

रक्तातलं लोह कमी असणं हे तिसरं कारण. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या सदुसष्ट टक्के भारतीय मुलांत रक्ताची कमतरता निघाली. असं मूल दंगा करत नाही, शांत बसून राहतं, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. शाळेतून आल्याबरोबर चहात बुडवलेली भाकरी ही आपली सवय इथे आड येते : चहा भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाही. चहा मुळात द्यायलाच नको. भाजीवर लिंबू, सोबत पेरू किंवा आवळा असेल तर लोह जास्त शोषलं जातं. पाच ते नऊ वर्षांची गुलाबी आणि दहापासूनची निळी, या शाळेत मिळणाऱ्या आठवड्याच्या लोहगोळ्या रिकाम्या पोटी दिल्या की मळमळतं आणि मूल पुढच्या आठवड्यात ती गुपचूप फेकतं. जेवणानंतर द्याव्यात.

‘लक्ष नाही’ म्हणून डॉक्टरकडे नेण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. सर्दी झाल्यावर कानात पाणी साठून ऐकू कमी येतं, हे फार घरांत सुटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराचं निदान एका चिडलेल्या शिक्षकाच्या सांगण्यावर होत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान सहा महिने टिकलेली, आणि घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसलेली असावी लागतात. फक्त गणिताच्या तासाला दिसत असतील तर आधी गणिताचा तास तपासावा.

नववं-दहावं वर्ष लागलं की मूल स्वतःच्या आठवणीबद्दल विचार करू लागतं : मला येतंय की नाही? इथे ते हमखास फसतं. धडा तिसऱ्यांदा वाचला की ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं म्हणजे पाठ असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६मध्ये कॉलेजच्या मुलांवर दाखवलं, की पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने घेतली तर न बघता आठवून काढणारे. पाचवीच्या मुलासाठी रीत अशी : एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, पाच-दहा मिनिटं दुसरं काहीतरी करायचं, मग वहीत आठवेल ते लिहायचं. पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. तिसऱ्या दिवशी फक्त लाल भाग, आठवड्याने पुन्हा सगळं. वाचल्याबरोबर लगेच लिहिलं तर ते डोक्यात तरंगत असलेलं उतरवणं होतं, त्याचा उपयोग नाही. आणि घरचं माणूस समोर बसणार असेल तर त्याने पहिला शब्द पुरवायचा नाही. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प राहणं बहुतेकांना जमत नाही, त्यामुळे पुस्तक आपल्या हातात न ठेवलेलं बरं.